अंगठ्यामागचा व्यवहार

कळसाडी हे नंदुरबार जिल्ह्यातले गाव. या प्रकरणातला पहिला व्यवहार आपण तिथे घडवू. घडवू असे म्हणतो, कारण उदाहरण रचलेले आहे. कळसाडीतल्या कोणा खऱ्या कुटुंबाची ही हकिकत नव्हे. पण तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अशा व्यवहारांतून आदिवासींच्या जमिनी गेल्या, आणि त्या परत देण्यासाठी पुढे महाराष्ट्राला खास कायदा करावा लागला.

समजा, १९६५ साली कळसाडीत एका भिल्ल शेतकऱ्याच्या नावावर पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. पाऊस ओढ देतो. बियाण्यासाठी राखलेली ज्वारी घरात खाऊन संपते. तो गावातल्या एका मोठ्या बागायतदाराकडून दोन पोती ज्वारी सवाईने आणतो. हंगामानंतर अडीच पोती परत करायची. पीक निम्मेच येते, फेड अर्धीमुर्धी होते. पुढल्या वर्षी घरात आजारपण निघते, रोख पैसा लागतो, जमीन गहाण पडते. तिसऱ्या वर्षी खरेदीखत होते. त्यात लिहिलेले असते की लिहून देणार ही जमीन राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता विकत आहे आणि ठरलेली रक्कम त्याला पोचली आहे. खाली अंगठा, बाजूला दोन साक्षीदार. तलाठी फेरफार नोंदवतो, सातबाऱ्यावरचे नाव बदलते. येत्या आखाजीला, म्हणजे खानदेशात सालदार ठरवायच्या मुहूर्तावर, तोच माणूस त्याच शेतावर वर्षाच्या बोलीने कामाला लागतो.

यात अन्याय कुठे झाला?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कोणी काठी उगारलेली नाही. कागद खोटा नाही. धान्य खरोखरच दिले गेले आणि त्यावर त्या घरातली पोरे जगली. अर्थशास्त्राचा पहिला धडा सांगतो की दोन माणसे आपखुशीने देवघेव करतात तेव्हा दोघांचाही फायदा होतो, नाहीतर त्यांनी ती केलीच नसती. हा धडा खोटा म्हणून झिडकारता येत नाही. त्या दिवशी, त्या घडीला, ज्वारी न मिळण्यापेक्षा सवाईने मिळणे त्या शेतकऱ्याला बरेच होते. मग तीन वर्षांत, एकेक पाऊल दोघांच्या संमतीने पडत असताना, एक माणूस भूमिहीन कसा झाला, आणि तसा झाला याबद्दल समाजाने कोणाला जाब विचारावा का?

माझ्या मते अर्थकारण आणि न्याय यांच्यातला सगळा वाद या एका प्रश्नात सामावलेला आहे. व्यवहाराचा न्याय कागदावर वाचायचा, की कागद होण्याआधी दोघांच्या हातात काय काय होते तेही पाहायचे?

ॲडम स्मिथला बाजारपेठेचा कैवारी म्हणून ओळखतात. पण १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये मजुरीबद्दल त्याने जे लिहिले आहे ते कळसाडीच्या शिवारात उभे राहून लिहिल्यासारखे आहे. मालक आणि मजूर यांच्यात मजुरीवरून तंटा झाला, तर मालक साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो. पुष्कळ मजुरांना आठवडाभरही तग धरता येत नाही. शिवाय मालक थोडे असतात, त्यांची मजुरी न वाढवण्याबद्दलची एकजूट न बोलताच चालू असते आणि ती कोणाला दिसत नाही. मजुरांनी एकजूट केली की मात्र गावभर बोभाटा होतो. स्मिथचा मुद्दा थांबण्याच्या ताकदीचा आहे. सौद्यात ज्याला थांबता येते त्याच्या बाजूला भाव झुकतो. आपल्या उदाहरणातला बागायतदार ज्वारी पुढच्या महिन्यातही देऊ शकत होता. शेतकऱ्याला ती त्याच आठवड्यात हवी होती. अंगठा त्याने स्वतःच्या हाताने उठवला हे खरे, पण ज्या तराजूत भाव ठरला तो आधीच कललेला होता.

हे महाराष्ट्राला नवे नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हा उठाव पुणे-नगरच्या गावांत पसरला. ते लोक मागत होते कर्जरोखे. ते हाती आले की जाळायचे आणि निघून जायचे. जिथे सावकाराने कागद काढून दिले तिथे त्याच्या अंगाला फारसा कोणी हात लावला नाही. आपल्याला कोण लुबाडते हे त्या माणसांनी नेमके ओळखले होते. त्यांना लुबाडत होता कोर्टात टिकणारा कागद. पूर्वीच्या रिवाजात दामदुपटीचा नियम होता, व्याज मुदलाच्या वर जाऊ नये असा. गावाची लाज होती, सावकारालाही गावातच राहायचे होते. इंग्रजांच्या दिवाणी कोर्टाने करार तेवढा पाहिला. रोखा आहे, सही आहे, हुकूमनामा द्या. सावकार पूर्वीही लोभी असेल, पण त्याच्या लोभाला सरकारी बेलिफ मिळाला तो या काळात.

दंग्यांनंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यापाशी थांबू नये, पहिल्या देवघेवीपासूनचा इतिहास तपासावा, खरे किती दिले गेले आणि व्याजात व्याज किती चढले हे पाहावे, मग काय देणे निघते ते ठरवावे, असा तो दंडक. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने हे आक्रीत होते. करार हा पवित्र, आणि इथे कायदाच सांगतो की कराराच्या पाठीमागे जा.

या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी काम केले. १८९२ मध्ये त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याच्या मागे या कामाचा अनुभव आहे असे मला नेहमी वाटते. त्यांचे म्हणणे असे की विलायती अर्थशास्त्र काही गोष्टी गृहीत धरून चालते: प्रत्येक माणूस आपले हित जाणतो, हवा तिथे हवा तो धंदा करू शकतो, दोन पक्ष बरोबरीने करार करतात, स्पर्धा सगळ्यांना आपापल्या जागी नेऊन बसवते. आपल्याकडे माणसापेक्षा घर आणि जात बलवान, करारापेक्षा जन्माने मिळालेली पायरी बलवान, स्पर्धेपेक्षा रूढी बलवान. तेव्हा तिकडचे सिद्धान्त इथे जसेच्या तसे लावले तर ते शास्त्र राहत नाही. रानडे बाजाराचे शत्रू नव्हते. त्यांना उद्योग हवे होते, भांडवल हवे होते, सरकारने दोन्हींना हात द्यावा असे ते सांगत. पण गणिताचे पहिले पद चुकले तर उत्तर चुकणारच, एवढे त्यांनी ठणकावून सांगितले.

आता पुन्हा तापीकाठी येऊ. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्यातल्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात अनुसूचित जमातींचे आहेत. शहादा-तळोद्याची काळी जमीन खानदेशातल्या उत्तम जमिनींपैकी. साठच्या दशकात इथे विजेचे पंप आले, संकरित बियाणे आले, ऊस-केळी वाढली, जमिनीचा भाव चढला. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते ती अचानक हवीहवीशी झाली, आणि ती ज्यांच्या नावावर होती त्यांच्याकडे ना पंप घ्यायला पैसा होता ना बँकेत ओळख. सालदाराचा दिवस पहाटे सुरू होई आणि मालक म्हणेल तेव्हा संपे. मोठ्या शेतकऱ्यांनी पीकसंरक्षणाच्या नावाखाली राखणदार ठेवले होते. त्यांच्या धाकाच्या तक्रारी भिल्लवाड्यांत सर्रास होत्या.

मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीला, धान्य मागायला गेलेल्या भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जीव गेला. टंचाईचे दिवस होते, आणि धान्य त्या परिसरात होते. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, अमर्त्य सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात मांडले की उपासमार होते ती धान्य नसल्यामुळेच असे नाही. माणसाचा त्या धान्यावर हक्क चालत नाही म्हणूनही होते. पाटीलवाडीला गेलेल्या माणसांना हे कोणी शिकवायला नको होते.

या घटनेने बाहेरचे लोक हलले. मुंबई-पुण्याकडचे सर्वोदयी कार्यकर्ते, कुमार शिराळकरांसारखे उच्चशिक्षित तरुण शहाद्यात येऊन राहिले. पण चळवळीचा कणा आधीपासून तिथे होता. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल कार्यकर्ता सर्वोदयाच्या संस्कारातला, भजने म्हणत गावोगाव फिरणारा, लोकांच्या तक्रारी ऐकून कचेरीत नेणारा. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनींच्या याद्या गावागावांत तयार झाल्या. सालदारांच्या मोबदल्यासाठी संप झाले. मजुरी वाढली, कामाचे तास आणि सुट्ट्या यांवर पहिल्यांदा बोलणी झाली. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले, त्यांचे वय फार नव्हते.

मजुरी वाढली या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन बेट्स क्लार्क याने १८९९ मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की मोकळ्या स्पर्धेत प्रत्येकाला तो जेवढे निर्माण करतो तेवढेच मिळते. म्हणजे मजुरी हा एका अर्थी निसर्गाचाच निवाडा. आजही कोणी मजूर जास्त मागू लागला की याच सिद्धान्ताचा धाक घातला जातो. मग शहाद्यात १९७१ आणि १९७३ यांच्या दरम्यान काय बदलले? सालदाराचा नांगर तोच, जमीन तीच, त्याच्या मनगटातले बळ तेच. उलट ७२ च्या दुष्काळाने पीक मारलेले. त्याचे उत्पादन वाढले नव्हते. वाढली होती ती एकत्र थांबण्याची ताकद, स्मिथने सांगितली होती तीच. त्यात दुष्काळाच्या काळात सरकारने काढलेल्या रस्त्या-बंधाऱ्यांच्या कामांचा आधार मिळाला. खडी फोडून का होईना, मालकाच्या दाराशी न जाता चार पैसे मिळण्याची दुसरी जागा झाली. ही कामे पुढे रोजगार हमी योजनेत पक्की झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुसरे दार उघडे असले की पहिल्या दारावरचा सौदा बदलतो. रोजगार हमीचा हा परिणाम तिच्यातून झालेल्या रस्त्यांपेक्षा मोठा आहे.

तिकडे अमेरिकेत नेमक्या याच वर्षांत न्यायाच्या तत्त्वज्ञानातली दोन गाजलेली पुस्तके निघाली. जॉन रॉल्सचे ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ चे, पाटीलवाडीच्याच सालचे. त्याला उत्तर म्हणून आलेले रॉबर्ट नोझिकचे ‘ॲनार्की, स्टेट अँड युटोपिया’ १९७४ चे. दोघेही हार्वर्डचे प्राध्यापक.

रॉल्स म्हणतो, समाजाचे नियम ठरवायला बसा, पण आपण कोण आहोत हे विसरून बसा. जात, घराणे, जमीन, बुद्धी, काहीच ठाऊक नाही असे धरा. कळसाडीच्या चावडीत अशी सभा भरली आहे असे समजू. उठून बाहेर गेल्यावर आपण बागायतदाराच्या घरी जन्मलेले असू की सालदाराच्या झोपडीत, हे कोणालाच माहीत नाही. अशी माणसे ‘टंचाईत धान्य सवाईने द्यावे आणि न फिटल्यास जमीन घ्यावी’ हा नियम मान्य करतील का? रॉल्सच्या मते करणार नाहीत. विषमता ते चालू देतील, पण सगळ्यांत खालच्या माणसाची स्थिती तिच्यामुळे सुधारत असेल तरच, आणि वरच्या जागा सर्वांना खऱ्या अर्थाने खुल्या असतील तरच.

नोझिकला हे मान्य नाही. त्याचे म्हणणे, वाटणी कशी दिसते यावरून न्याय ठरत नाही, ती कशी झाली यावरून ठरतो. वस्तू पहिल्यांदा न्यायाने मिळवली असेल आणि नंतर राजीखुशीने हातोहात गेली असेल, तर शेवटी कोणाकडे कितीही साचले तरी तक्रारीला जागा नाही. हे ऐकले की वाटते, नोझिक आपल्या खरेदीखताच्या बाजूने उभा राहणार. पण त्याच्या सिद्धान्ताला तिसरा पायही आहे. मागे अन्यायाने काही घेतले गेले असेल तर ते दुरुस्त झाले पाहिजे. आणि एकदा हा पाय टेकवला की इतिहास उघडावा लागतो. ही जमीन कोणी पहिल्यांदा फोडली? जंगल तोडून शेत कोणी केले? १८७८ च्या वन कायद्याने राखीव ठरवलेले रान कोणाच्या वापरात होते? नोझिकचे तत्त्व मनापासून पाळायचे तर सातपुड्याच्या पायथ्याची निम्मी खाती तपासायला काढावी लागतील. रॉल्स आणि नोझिक यांना कायम आमनेसामने उभे करतात, पण शहाद्यापुरते दोघांचेही म्हणणे नीट ऐकले तर जुना कागद पुन्हा उघडा, एवढे तरी दोघेही सांगतात.

आणि महाराष्ट्राने तो उघडला. ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती झाली: आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकणार नाही. बेकायदा गेलेल्या जमिनी परत करायच्या हे त्यात ओघाने आलेच. त्याच्या जोडीला आला महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा कायदा. तो १ नोव्हेंबर १९७५ ला अमलात आला, आणि तो खरा धाडसी. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली शेतजमीन, व्यवहार पूर्णपणे कायदेशीर असला तरी, मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायची. विक्री असो, गहाण असो, बक्षीस असो, अदलाबदल असो. त्याने ती स्वतः कसली पाहिजे. त्याच्याकडे एकूण सोळा एकर जिरायतीच्या वर जमीन होता कामा नये. घेणाऱ्याला त्याने शेतसाऱ्याच्या ४८ पट किंवा मूळ किंमत, यांपैकी कमी असेल ती रक्कम आणि सुधारणांचा खर्च द्यायचा, तोही जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत. शिवाय या सुनावण्यांत वकिलांना मज्जाव. एका बाजूला नामांकित वकील आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उठवणारा माणूस, असे चित्र पुन्हा उभे राहू नये म्हणून.

कायद्याला आव्हान मिळाले. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९८४ रोजी तो पूर्ण वैध ठरवला, वकिलांवरची बंदीसुद्धा. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांच्या निकालाचा गाभा असा की वाटपाच्या न्यायात आर्थिक विषमता दूर करणे तर येतेच, पण असमान माणसांमधल्या व्यवहारांतून जो अन्याय झाला तो दुरुस्त करणेही येते. ॲरिस्टॉटलने अडीच हजार वर्षांमागे न्यायाचे दोन भाग पाडले होते: समाजातली वाटणी कशी असावी हा एक, आणि दोन माणसांतला बिघडलेला व्यवहार कसा सरळ करावा हा दुसरा. हा निकाल दोन्ही भाग एकत्र आणतो. वाटणीच वाकडी असेल तर त्या वाटणीवर उभे राहून झालेला व्यवहार सरळ कसा असेल?

याच वाटेने दोन वर्षे आधी, १९८२ मध्ये, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिल्लीतल्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात म्हटले होते की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करणारा माणूस ते भुकेच्या रेट्याने करतो, आणि भुकेची सक्तीही सक्तीच. म्हणून ती वेठबिगारी ठरते. राजीखुशी या कल्पनेला भारतीय न्यायालयाने दिलेले हे सर्वांत खोल उत्तर आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात सरकारने असेच एक बिल आणले: काही जमिनी शेतकऱ्याला देताना त्या विकण्याचा हक्क त्याला द्यायचा नाही, म्हणजे सावकार त्या गिळणार नाही. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी विरोध केला आणि ते सभागृहातून उठून गेले. गोखले काही सावकारांचे मित्र नव्हते. पण जी जमीन विकता येत नाही तिच्यावर कर्ज कोण देणार? पत गेली तर शेतकरी आणखी अडेल. आणि मोठ्या माणसाला विकायचा हक्क, लहानाला नाही, यात त्याला कायमचे अज्ञान ठरवणे नाही का? आज नंदुरबारच्या आदिवासी तरुणाला पाइपलाइन टाकायला किंवा शिक्षणाला कर्ज हवे असते तेव्हा त्याच्यापुढे हेच येते. संरक्षण देणारा कायदा बाजारात त्याच्या जमिनीची किंमत उतरवतो. चोरून बटाईने, दुसऱ्याच्या नावावर, स्टँप पेपरवर सौदे होतात, आणि चोरून झालेल्या सौद्यात दुबळ्याला आणखी कमी मिळते.

मला गोखल्यांचा आक्षेप खरा वाटतो आणि तरी महाराष्ट्राचे हे दोन्ही कायदे योग्य वाटतात. कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विचारलेला प्रश्न मला या वादात निर्णायक वाटतो. सरकारने हात काढून घेतला की स्वातंत्र्य मिळते, असे म्हणतात. पण ते कोणाला मिळते? जमीनदाराला खंड वाढवण्याचे, भांडवलदाराला तास वाढवण्याचे आणि मजुरी कमी करण्याचे. राज्याचा अंमल उठतो तिथे खासगी मालकाचा अंमल बसतो. बाबासाहेब हे केवळ तत्त्व म्हणून बोलत नव्हते. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले होते आणि कोकणातल्या कुळांचे जगणे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या प्रश्नापुढे गोखल्यांचा आक्षेप खोडला जात नाही, त्याची जागा बदलते. जमीन परत द्या, विकायला बंदी करा, आणि मग बियाणे, पाणी, कर्ज यांसाठी त्याला त्याच जुन्या दाराशी सोडून द्या, हे चालणार नाही. परत मिळालेली कितीतरी जमीन याच कारणाने पुन्हा दुसऱ्याच्या नांगराखाली गेली. अमर्त्य सेन ज्याला क्षमता म्हणतात, म्हणजे हाती आलेल्या वस्तूतून माणसाला प्रत्यक्ष काय करता येते, ती सातबाऱ्यावर नोंदवली जात नाही.

आतापर्यंत मी ‘शेतकरी’, ‘सालदार’, ‘तो’ असेच म्हणत आलो. अर्थशास्त्र घराच्या उंबऱ्यापाशी थांबते, घर हा एकच माणूस धरते. शहाद्यातल्या बायकांनी तसे धरू दिले नाही. १९७२-७३ मध्ये मजुरी वाढली तेव्हा त्यांनी पाहिले की वाढलेला पैसा गुत्त्यात जातो आणि मार घरात येतो. मग गावोगावच्या भिल्ल बायका जमून गुत्त्यांवर गेल्या, दारूची मडकी फोडली. या भागाला दारूविरोधाची जुनी ओळख होती. तिसाच्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली होती. पण इथे वेगळे असे होते की घरात आलेल्या मजुरीची वाटणी कोण ठरवणार हा प्रश्न बायका चव्हाट्यावर मांडत होत्या. मालकाकडून न्याय आणि नवऱ्याकडून न्याय हे दोन वेगळे विषय आहेत असे त्यांना वाटले नाही, आणि संघटनेतल्या पुरुषांनाही ते ऐकून घ्यावे लागले.

हा प्रश्न आजच्या ऊसतोडीत तसाच्या तसा आहे. दिवाळीच्या सुमारास खानदेशातले आदिवासी मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीकडच्या या मजुरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. तिथे मजूर मोजतात ‘कोयत्या’ने. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. उचल जोडीला, हिशेब जोडीचा, आणि व्यवहारात पैसा घेणारा हात बहुतेक वेळा पुरुषाचा. बाई ऊस साळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीकडे नेते, पहाटे उठून भाकरी थापते. तिच्या नावाचा आकडा कोणत्याच वहीत नाही. आणि उचल म्हणजे तरी काय? काम होण्याआधी दिलेला पैसा, गरजेच्या दिवसांत घेतलेला, तो फिटेपर्यंत भाव विचारायची सोय नाही. जमीन गहाण टाकायची बंद झाली तशी येत्या हंगामाची मेहनत गहाण पडू लागली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी राबवून घेणे गुन्हा ठरवले आहे, पण दर हंगामाला नवी उचल आणि नवा हिशेब असला की तोच व्यवहार साध्या कंत्राटासारखा दिसतो. १८७९ चा न्यायाधीश इथे असता तर त्याने पहिल्या उचलीपासूनची वही मागवली असती.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या वनहक्क कायद्यात या प्रकरणातले बरेच धागे एकत्र येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आहे, त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क. दाव्याची सुरुवात कचेरीत होत नाही, ग्रामसभेत होते. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतात, तशी गावातल्या वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्षही चालते. इतकी वर्षे कागदापुढे हरलेल्या तोंडी शब्दाला कायद्याने पहिल्यांदा एवढे वजन दिले. मिळालेला हक्क वारसाने जातो, विकता येत नाही, म्हणजे गोखल्यांचा प्रश्न इथेही उभाच आहे आणि बँकांनी त्याला अजून धड उत्तर दिलेले नाही. आणि खातेदार विवाहित असेल तर पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे लावावी लागतात, तसे कलम चारमध्ये स्पष्ट लिहिले आहे. आधीच्या सातबाऱ्यावर जिचे नाव क्वचितच चढत असे, तिच्या नावाशिवाय आता त्या जमिनीचा कागद पुरा होत नाही.